मुदतीचं क्रिप्टो कर्ज : ‘फरक’ म्हणजे व्याजच ना?

बेहरामपाड्यापासून वांद्रे-कुर्ला संकुलातलं सेबीचं मुख्यालय काही फार लांब नाही. पण मोबाईलवरून क्रिप्टो उधार देणाऱ्या आपल्या मुलांना त्या इमारतीचा काहीच आधार नाही. ‘बँक नाही, म्हणजे व्याजही नाही’ असं सांगून कुणी हजसाठी किंवा लग्नासाठी साठवलेले पैसे मागत असेल, तर आधी हा व्यवहार समजून घेऊ या.

यात मधे बँक नसते, ब्लॉकचेनवरचा संगणकीय करार असतो. समजा, सहा महिन्यांनी 100 डॉलर-कॉइन देणारं टोकन आज 97 ला मिळतं. ते घेणारा झाला सावकार. कर्जदार इथर तारण ठेवतो, तेही कर्जापेक्षा जास्त किमतीचं. मुदत आणि दर सुरुवातीलाच ठरतात. मधेच इथरचा भाव कोसळला तर तारण आपोआप विकलं जातं. नोटीस नाही, सवलत नाही.

कागदावर ‘व्याज’ हा शब्द कुठेच दिसत नाही. पण हे तीन डॉलर कसले? 1985 साली जेद्दाह इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने कर्जावरची ठरवून घेतलेली वाढ रिबा असल्याचा निर्णय दिला होता. आम्ही मुफ्ती नाही. पण आपल्या आलिमांना विचारताना ‘क्रिप्टो चालतं का?’ एवढंच विचारू नका, 97 आणि 100 चा हिशोब समोर ठेवा.

आता धोका. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, इथे तो नाही. करारात चूक निघाली किंवा चोरी झाली तर दाद कुणाकडे मागणार? कंपनी मधे असली म्हणूनही पैसा सुरक्षित राहतो असं नाही. क्रिप्टोवर मुदत ठेवी घेणाऱ्या ‘वॉल्ड’ने 4 जुलै 2022 रोजी पैसे काढणंच थांबवलं आणि भारतातले अनेक ग्राहक अडकले. त्यात क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही.

म्हणून घरात बसून तीन प्रश्न विचारा : तारण काय? मुदत संपल्यावर पैसे देणार कोण? आणि बुडाले तर जायचं कुठे? उत्तर मिळालं नाही, तर पैसे घरातच राहू द्या.