गॅस, दूध आणि तांबट

आमच्या घरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत तीन गोष्टी लिहिलेल्या सापडतील: दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर आल्याची तारीख आणि त्या दिवशी गॅलरीतून दिसलेला पक्षी. पहिल्या दोन सासूबाईंपासून चालत आलेल्या, तिसरी माझी. मी मुलुंडला लग्न होऊन आले तेव्हा इमारत तीन मजली होती आणि खिडकीसमोर भला मोठा रेन ट्री. जुनी कॅलेंडरं टाकायची नाहीत हा सासूबाईंचा नियम, त्यामुळे माझं सगळं दप्तर शाबूत आहे.

ते काढून बसलं की दिसतं, पक्षी कमी झालेले नाहीत. गलका तर वाढलाच आहे. कमी झाली ती नावं. पूर्वी आठवडाभरात चिमणी, तांबट, दयाळ, सातभाई, शिंपी, भारद्वाज, थंडीत हळद्या असं कायकाय लिहिलं जायचं. आता पारवा, कावळा, साळुंकी, घार आणि परत पारवा.

पारव्याचं कोडं मला फार उशिरा सुटलं. चिमणी दाणे खाते, पण तिच्या पिल्लांना अळ्या-किडे लागतात. आम्ही आवारात पेव्हर ब्लॉक घातले, कुंपणाची मेंदी उपटली, दर महिन्याला औषधफवारणी लावली. अळी येणार कुठून? पारव्याला ही पंचाईतच नाही. नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो, त्यावर पिल्लं पोसतात. आईबापांना कुणी मूठभर ज्वारी टाकली की भागलं. झाडही नको, मूळचा तो कड्याकपारीतला. एसीच्या मागची वीतभर जागा आणि चार काड्या पुरतात, वर अंडी जवळजवळ बारमाही. टॉवर म्हणजे त्याच्या लेखी कडाच.

तांबटाचं नेमकं उलट. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. उन्हं तापायला लागली की टुक टुक टुक, तांब्याच्या हंड्यावर ठोके पडावेत तसं. त्याला ढोली लागते, तीही स्वतः कोरलेली, आणि कोरायला वाळून मऊ पडलेली फांदी. अशी फांदी म्हणजे माणसांना धोका, हेही खोटं नाही. पावसात फांदी कोसळून या शहरात माणसं गेली आहेत. म्हणून मे महिन्यात छाटणीवाले येतात. नेमकी तेव्हा कितीतरी ढोल्यांत पिल्लं असतात.

एका वर्षी रेन ट्रीची वाळकी फांदी धाडकन खाली आली आणि मी चहा तसाच टाकून जिना उतरले. फांदीच्या खालच्या अंगाला लिंबाएवढं भोक, कंपासनं काढावं इतकं गोल. दोन बोटं आत घातली, भुसा आणि उंबराच्या बिया लागल्या. पिल्लं आधीच उडाली होती की पडताना कुठे गेली, कळलं नाही. तांबट वर केबलच्या वायरवर बसून होता, गप्प.

‘‘काकू, सुकलेलीच होती की,’’ छाटणीवाला मुलगा म्हणाला.

खरंच होतं त्याचं. सुकलेली होती म्हणूनच.

पुढे इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि तिच्याबरोबर झाडही. बदल्यात झाडं लावली, नाही असं नाही. शोभेचे पाम आहेत ते. कागदावर हिरवळ पूर्ण आहे. तांबटाला ना उंबर, ना ढोली.

आमचे हे म्हणतात, ‘‘मुंबईत पक्षी वाढलेत, पेपर वाच.’’ ह्यांचंही चूक नाही. आमच्या पश्चिमेला १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, तिथे अडीचशेहून जास्त जाती. पूर्वेला ठाण्याची खाडी, २०१५ पासून रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं अभयारण्य, २०२२ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत. लाखभर रोहित येतात, आणि ते ज्या शेवाळावर जगतात ते आपल्या सांडपाण्यावर माजतं. त्याच रोहितांपैकी सुमारे चाळीस मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून मेले. तर यादी लांबलचक आहे, पण ती शहराच्या कडांवरची. मधल्या गल्ल्यांत, जिथे आपण राहतो, तिथे ती चार-पाच नावांवर आटोपते.

क्वचित कडेवरचं कुणी चुकून गल्लीत येतं. गेल्या जूनमध्ये वॉचमननं इंटरकॉमवर सांगितलं, ‘‘मॅडम, पोपट पडलाय.’’ खाली गेले तर लॉबीच्या काचेपाशी नवरंग! हिरवी पाठ, डोळ्यांवरून काळा पट्टा, शेपटीखाली कुंकवासारखा लाल. पावसाच्या तोंडावर हे पक्षी रात्रीचा प्रवास करत येतात, आणि काच म्हणजे त्यांना मोकळं आकाश वाटतं. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात अंधारात ठेवला. पाणी पाजायचा मोह आवरला. घाबरलेल्या पक्ष्याच्या श्वासनळीत ते जातं. संध्याकाळी गच्चीवर झाकण उघडलं, तर मिनिटभर बसला आणि डोंगराकडे गेला.

त्या दिवशीच्या चौकोनात गॅस आधीच लिहिलेला होता, शिवाय दुधाचा खाडा. नवरंग कडेला उभा, बारीक अक्षरात बसवावा लागला.