मुलगी पहिल्यांदा कॅम्पला निघते तेव्हा

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की आमच्या ख्रिस्ती घरांत एक प्रश्न हमखास निघतो, "आई, मी कॅम्पला जाऊ का?" आईच्या पोटात गोळा येतो. नववी-दहावीतली पोर, आजवर आजोळ सोडून कुठे राहिलेली नाही. आम्ही काही जणी दरवर्षी मुलींच्या सोबतीला कॅम्पमध्ये मुक्कामाला जातो. मुलं आम्हाला मावशी म्हणतात. तिथे नेमकं काय चालतं आणि आईनं काय विचारून घ्यावं, ते आज सांगतो.

कॅम्प म्हणजे मंडळीच्या तरुण संघाचं उन्हाळी शिबिर. साधारण तेरा ते अठरा वर्षांची मुलंमुली आणि पाच-सहा दिवसांचा मुक्काम. आपल्याकडे मिशनच्या जुन्या शाळा आणि वसतिगृहं पुष्कळ आहेत. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ सालीच सुरू झालं. सुट्टीत अशा वसतिगृहांच्या खोल्या रिकाम्या असतात, तिथे कॅम्प भरतो. कुणाला परवडलं तर पाचगणी-महाबळेश्वरच्या गारव्याला जातात.

सकाळी सहाला घंटा होते. आंघोळीला रांग, बादलीवरून भांडण, हे ठरलेलं. मग अर्धा तास शांत वेळ. ज्यानं-त्यानं झाडाखाली बसून शास्त्रभाग वाचायचा, मनातल्या मनात प्रार्थना करायची. घरी एका खोलीत पाच माणसं असतात, त्या मुलांना असा एकटेपणा बहुधा पहिल्यांदाच मिळतो. नाश्त्यानंतर गटागटानं बायबल अभ्यास, दुपारी करिअरवर किंवा व्यसनांवर एखादं व्याख्यान, संध्याकाळी खो-खो नाहीतर व्हॉलीबॉल. ताट-वाटी आपली आपण घासायची. स्वयंपाकघरातली मदत पाळीपाळीनं, आणि त्यात मुलगेही आले. घरी पाण्याचा तांब्या न उचलणारा पोरगा इथे पन्नास जणांना वरण वाढतो. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा होतो. रात्री पेटी-तबल्यावर गाणी. गिटारवरची नवी गाणी असतात, तशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनंही असतात. टिळकांना जाऊन शंभर वर्षं उलटली, ते १९१९ साली गेले, तरी मुलांना त्यांच्या चाली आजीकडून पाठ असतात.

आता थोडं अवघड बोलतो. शेवटच्या रात्री शेकोटी असते. वक्ते मनाला भिडेल असं बोलतात आणि विचारतात, कोणाला आपलं जीवन प्रभूला द्यायचं आहे? हात वर करा. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री सगळे हात वर गेले, एका मुलीचा गेला नाही. खोलीवर आल्यावर मैत्रिणी तिच्याभोवती जमून रडत प्रार्थना करू लागल्या. ती उठून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, मला अजून कळलेलं नाही. मी खोटा हात वर करायला हवा होता का?" आम्ही तिला जवळ घेतलं, पण त्या रात्री आम्हालाही झोप लागली नाही. ती खरं वागली होती आणि एकटी पडली होती.

पुढच्या वर्षीपासून आम्ही संघाशी बोलून पद्धत बदलली. आता चारचौघांत हात वर करायला सांगत नाही. ज्याला बोलावंसं वाटेल त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाश बोलावं. बाप्तिस्मा किंवा दृढीकरण यांसारखा निर्णय कॅम्पात होत नाही, तो घरी आईवडील आणि पाळकसाहेब यांच्यासोबत. दुसऱ्या धर्माची मैत्रीण सोबत येणार असेल, तर इथे प्रार्थना आणि बायबल असतं हे तिच्या आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगतो आणि त्यांची लेखी परवानगी घेतो. श्रद्धा घाईनं आणि गर्दीत लादायची गोष्ट नव्हे.

तेव्हा फॉर्मवर सही करण्याआधी विचारा. मुलींची झोपायची खोली वेगळी आहे का, रात्री तिथे कोण बाई असते? कुणी मोठं माणूस एखाद्या मुलाला एकट्यानं खोलीत बोलावणार नाही, असा नियम आहे का? दवाखाना किती लांब आहे? घरी फोन कधी करता येईल? पाळी आली तर पॅड आणि गरम पाणी मिळेल का? हे प्रश्न विचारले म्हणून मंडळीवर अविश्वास दाखवला असं होत नाही. मुलीलाही सांगून ठेवा की काही वावगं वाटलं तर मावशीला सांग, तिनं ऐकलं नाही तर आम्हाला सांग, नाहीतर १०९८ या नंबरवर फोन कर. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलींना आणि मुलग्यांनाही संरक्षण देतो. असा गुन्हा कळला तर तो पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून झाकून ठेवता येत नाही.

मुलगी परत आली की दोन दिवस गप्प असेल, खूप झोपेल. लगेच उलटतपासणी नको. भाकरी थापताना तिला शेजारी बसवा, हळूहळू बोलेल. आणि "हात वर केलास का?" हे मात्र विचारू नका. "तुला काय वाटलं?" असं विचारा.

आमची ती मुलगी पुढच्या वर्षीही कॅम्पला आली. तिचं उत्तर मिळालं की नाही, ते आम्ही विचारलं नाही. पण लहान मुलींच्या खोलीत झोपायला तिनं आपणहून नाव दिलं.

तर मैत्रिणींनो, विचारून पाठवा, पण पाठवा.