सातबाऱ्यावर भाऊजींचं नाव, शेत मात्र सगळ्यांचं

गटाच्या बैठकीत हप्ते, कर्ज, व्याज यांचा हिशेब झाला की एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, घरची जमीन मोठ्या दिरांच्या नावावर आहे. मग आमचं काय?" आज त्याबद्दलच बोलू.

आमच्या गटातल्या एका वहिनींचे मालक वारले. पदरात दोन लहान मुलं. पीककर्जासाठी सातबारा काढला, तर त्यावर मालकांचं नावच नव्हतं. सासरे गेले तेव्हा फक्त थोरल्या भाऊजींचं नाव लागलं होतं. वारसनोंदीला गेल्यावर तलाठी म्हणाले, "मयताचं नावच सातबाऱ्यावर नाही, तर वारस कुणाचे लावू?" वहिनी रडत आमच्याकडे आल्या.

आम्ही सातबारा नीट पाहिला. भाऊजींच्या नावापुढे तीन अक्षरं होती : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुठे ए.कु.पु. म्हणजे पुढारी, कुठे ए.कु.क. म्हणजे कर्ता असंही लिहिलेलं असतं. याचा अर्थ, तो माणूस एकटा मालक नाही. तो घराच्या वतीने जमीन सांभाळतो. गटाची पेटी अध्यक्षांच्या घरी असते, म्हणून आतले पैसे अध्यक्षांचे होतात का? तसंच हे. शिवाय सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. नुसत्या त्याच्यावरून मालकी ठरत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे.

मग पहिलं काम काय? सातबाऱ्यावर जुन्या फेरफाराचा नंबर असतो. त्या फेरफाराची नक्कल तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायची. ही नोंद कशी झाली, तेव्हा वारस कोण कोण सांगितले होते, हे बहुतेक वेळा त्यात लिहिलेलं असतं. वहिनींच्या फेरफारात मालकांचं नाव स्पष्ट होतं. इतकी वर्षं तो कागद कुणी काढून पाहिलाच नव्हता.

दुसरं काम वकिलाचं. इथेच बायका मागे सरतात. वकील म्हणजे पैसा, आणि पैसा कुठून आणायचा? मैत्रिणींनो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. तिथे उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे साधा अर्ज, आधार कार्ड आणि असतील ते कागद घेऊन जायचं. वकिलाची फी आणि कोर्ट फी समितीतून भागते. नेमलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर समितीकडेच तक्रार करायची. जाणं जमत नसेल तर १५१०० या नंबरवर फोन करून विचारता येतं.

वहिनींना वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सासूबाई आहेत का? नणंदा किती?" वहिनी गप्प झाल्या. एक नणंद होती, तिला कुणी मोजलंच नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मयताची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सारखे वारस. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे जो कायदा वहिनींच्या बाजूचा, तोच नणंदेच्याही बाजूचा. आपल्याला हक्क हवा आणि नणंदेला साडीचोळी, असं चालणार नाही. मुस्लिम भगिनींचे वाटे वेगळ्या कायद्याने ठरतात, पण मोफत वकील त्यांनाही मिळतो.

समितीने भाऊजींना नोटीस देऊन बोलावलं. पहिल्या वेळी ते आले ते तणतणतच. "घरातलं भांडण कोर्टात नेलंस," म्हणाले. वकीलबाईंनी शांतपणे सांगितलं, की अजून दावा दाखल झालेला नाही, ही समजुतीची बैठक आहे. दुसऱ्या बैठकीत फेरफाराची नक्कल समोर ठेवली, तेव्हा त्यांनी जबाब दिला. रीतसर नोटिसा निघाल्या, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. आता सातबाऱ्यावर सासूबाई, नणंद, वहिनी आणि दोन्ही मुलं आहेत. मुलांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालक कर्ता म्हणून आईचं नाव आहे. आता मॅनेजरची जबाबदारी वहिनींवरही आली. ती जमीन मुलांसाठी सांभाळायची आहे, मनाला येईल तशी विकायची नाही.

भाऊजी ऐकले नसते तर? वाटपाला सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करतात. संमती नसेल, हक्कावरच वाद असेल, तर दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. त्याला वर्षं लागतात, पण वकील तिथेही मोफत मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचून घ्या.

सहीवरून आणखी एक. दुःखाच्या दिवसांत "नुसती सही कर" म्हणून कागद पुढे येतो. तो हक्कसोडपत्र असू शकतो. नोंदणी कार्यालयात नेत असतील तर आधी विचारा, वाचा, एक दिवस मागून घ्या. नोंदलेला हक्कसोड मागे घेणं फार अवघड असतं.

हे सगळं फुकटात झालं असं आम्ही म्हणणार नाही. त्या घरात वर्षभर बोलणं बंद होतं. यंदा पेरणीला मात्र भाऊजींनी स्वतःहून बैलजोडी पाठवली.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरचा सातबारा आणायचा. नावापुढची बारीक अक्षरं आपण मिळून वाचू.