नकाशावरचे बोट आणि परीक्षकाची रेघ

दहावीच्या भूगोलाच्या परीक्षेत नकाशा आराखडा भरण्याचा प्रश्न असतो. विद्यार्थ्याने दाखविलेले ठिकाण ज्वारीच्या दाण्याएवढे बाजूला सरकले, तरी जाणता परीक्षक त्याचे गुण कापत नाही. मुलाला ठिकाण ठाऊक आहे, हात मात्र हलला, हे त्याच्या अनुभवी नजरेला कळते.

२०२० साली कोरोनाच्या साथीत परीक्षा संगणकावर व मोबाईलवर आल्या आणि बहुपर्यायी प्रश्नांचे राज्य सुरू झाले. धुळे शहर कोणत्या नदीकाठी वसले आहे, असे विचारून चार नावे पुढे ठेवली की पांझरेवर खूण करणे कठीण नाही. परंतु ही नदी साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतून निघते, पूर्वेकडे वाहत धुळ्यापर्यंत येते आणि पुढे उत्तरेला वळून तापीला मिळते, हे त्या खुणेतून कळत नाही. नाव ठाऊक असणे आणि जागा ठाऊक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अर्थशास्त्रातही तेच. समतोल किमतीची व्याख्या घडाघडा म्हणणारा विद्यार्थी मागणी व पुरवठ्याच्या वक्ररेषा पुढे येताच समतोलबिंदू भलतीकडेच दाखवितो.

चित्रावरच टिचकी मारून उत्तर देण्याचा प्रश्न ही उणीव भरून काढू शकतो. त्याची साधने दुर्मीळ नाहीत. ‘मूडल’ ही २००२ पासूनची विनामूल्य प्रणाली आहे. तीत खूण ओढून आणून चित्रावर योग्य जागी ठेवण्याचा प्रश्न तयार करता येतो. ‘एचफाइव्हपी’मध्ये थेट टिचकी चालते. आपल्या शिक्षकांच्या अंगवळणी पडलेल्या ‘गूगल फॉर्म्स’मध्ये मात्र चित्र नुसते जोडता येते, त्यावरील जागा हे उत्तर म्हणून घेण्याची तजवीज त्यात नाही.

प्रश्न रचणारा चित्रावर एक अदृश्य कुंपण घालतो. ते वर्तुळ असेल, चौकोन असेल वा वेडावाकडा बहुकोन असेल. विद्यार्थ्याची टिचकी कुंपणाच्या आत पडली तर पूर्ण गुण, बाहेर पडली तर शून्य. ज्वारीच्या दाण्याची सवलत यंत्राला ठाऊक नाही. ती द्यायची असेल तर परीक्षेपूर्वीच, कुंपण घालतानाच द्यावी लागते. म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याचे निम्मे काम प्रश्न काढतानाच होऊन जाते, आणि नेमकी हीच गोष्ट घाईत विसरली जाते.

खानदेशात हे कुंपण किती आखडते याचा हिशेब करून पाहावा. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर. मोबाईलवर तो नकाशा सहा सेंटिमीटर रुंदीचा दिसला, तर ७,१९५ चौरस किलोमीटरचा धुळे जिल्हा जेमतेम सहा मिलिमीटरचा होतो. बोटाचे टोक साधारण एक सेंटिमीटरचे. ते एकाच वेळी धुळ्यावर, नंदुरबारवर आणि जळगावच्या सीमेवर टेकते. शिवाय ज्या जागेवर टेकवायचे तीच जागा ते झाकून टाकते. कॉलेजच्या संगणक कक्षात माऊस हाताळणारा मुलगा आणि शिरपूरकडच्या पाड्यावर वडिलांच्या मोबाईलवर परीक्षा देणारी मुलगी यांना एकच प्रश्न दिला, तरी परीक्षा एक राहत नाही.

यावर उपाय म्हणून केवळ धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तीन जिल्ह्यांचा नकाशा द्यावा, तर धुळे सुमारे पावणेदोन सेंटिमीटरचे होते आणि बोटाला जागा मिळते. परंतु येथे दुसरी किंमत मोजावी लागते. संपूर्ण राज्याच्या नकाशावर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता शेकडा सव्वादोनच्या आसपास असते. तीन जिल्ह्यांच्या नकाशावर ती शेकडा २९ होते, म्हणजे चार पर्यायांच्या प्रश्नातील पंचविसाहूनही अधिक! फुकटचे काहीच नसते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको. आतील सीमा न दाखविता तिन्ही जिल्हे ओळखायला लावले आणि तिन्ही बरोबर असतील तरच गुण दिले, तर निव्वळ नशिबाचा वाटा पुन्हा शेकडा तीनवर येतो. मात्र मग सीमेजवळ पडलेल्या टिचकीला थोडी सूट ठेवणे न्यायाचे ठरेल. त्यासाठी कुंपणे एकमेकांवर किंचित चढवावी लागतील.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर त्यांना डावलून परीक्षा रचणे समर्थनीय नाही, आणि नकाशावरील टिचकी तर सर्वस्वी डोळ्यांवर अवलंबून असते. त्यांच्यासाठी त्याच ज्ञानाचा शब्दांतील प्रश्न, म्हणजे पांझरा कोठून निघते, कोणत्या दिशेला वळते असा, आधीच तयार ठेवावा लागेल. रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्यांसाठी लाल-हिरव्या छटांऐवजी रेघोट्यांचे आणि ठिपक्यांचे नकाशे वापरावेत. छापील पुस्तकांनी ही युक्ती फार पूर्वीच अवलंबिली आहे.

एवढे करूनही गुण जाहीर करण्यापूर्वी सगळ्या टिचक्या एकाच नकाशावर मांडून पाहता आल्या तर पाहाव्यात. त्या जिल्हाभर विखुरल्या असतील तर धडा पुन्हा शिकवावा लागेल. कुंपणाच्या बाहेर एकाच बाजूला त्यांची गर्दी दिसली, तर कुंपण चुकीच्या जागी पडले होते काय, हे आधी तपासावे आणि गुणपत्रक त्यानंतर काढावे.