दिवाळीत गेलेली साडी मार्चमध्ये कळते : दुकानातल्या चोऱ्यांना 'सीझन' असतो का?

दिवाळीच्या आधीचा शेवटचा रविवार डोळ्यासमोर आणा. पुण्याचा लक्ष्मी रोड म्हणा, दादरचा रानडे रोड म्हणा, नाहीतर तुमच्या तालुक्याच्या गावातली मेन पेठ म्हणा. साडीच्या दुकानात गादीवर पाय ठेवायला जागा नाही. एकच सेल्समन चार घरच्या बायकांना साड्या दाखवतोय. "दादा, ती मागची मोरपंखी काढा ना," असं कुणीतरी म्हणतं. तो वळतो, वरच्या फळीवरची साडी काढतो, परत फिरतो. समोर तीस-चाळीस साड्या उलगडून पडल्यात. त्यातली एक कमी झाली तर त्याला कळेल का?

त्या दिवशी तर नाहीच. कळेल ते मार्चमध्ये, वर्षअखेरीला माल मोजायला घेतल्यावर.

गिऱ्हाईक म्हणून आत यायचं आणि माल उचलून निघून जायचं, याला शॉपलिफ्टिंग म्हणतात. या चोऱ्या वर्षभर होतात, पण सारख्या होत नाहीत. युरोप-अमेरिकेत थंडी आणि ख्रिसमसचे दिवस यासाठी बदनाम आहेत. कारण सोपं आहे. अंगात जाड कोट, हातात चार पिशव्या आणि दुकानात झुंबड. लंडनमध्ये 'फॉर्टी एलिफंट्स' नावाची फक्त बायकांची टोळी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲलिस डायमंड ही तिची म्होरकी. या बायका कोटांना आणि स्कर्टना आतून चोरखिसे शिवून घ्यायच्या आणि मोठमोठ्या दुकानांतून रेशीम, फर, दागिने घेऊन निघायच्या. चोरखिशाला लांब-जाड कपडे लागतात, आणि ते तिथल्या थंडीत कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

आपल्याकडे ऑक्टोबरात घाम पुसत खरेदी चालते, त्यामुळे कोटाची भानगड नाही. आपल्याकडे हा सीझन हवामानापेक्षा पंचांग ठरवतं. दसरा-दिवाळी, मग लगीनसराई, मग पाडवा आणि अक्षय तृतीया. ज्या दिवशी सगळा गाव एकाच दुकानात असतो, तो दिवस हात मारणाऱ्याचाही.

पावसाळ्याचं थोडं वेगळं. तेव्हा गर्दी कमी असते, पण रेनकोट, छत्री, ओल्या पिशव्या असं सगळं सोबत येतं. दारात छत्र्यांसाठी बादली ठेवलेली असते ती फरशी ओली होऊ नये म्हणून, हे खरंच. पण मिटलेल्या छत्रीत बरंच काही मावतं, हेही दुकानदाराला माहीत असतं. जूनमध्ये वह्या-दप्तरांच्या दुकानात पोरांची आणि पालकांची रेटारेटी असते, तिथे कंपास-पेनं जातात. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या सेलमध्ये मॉल भरतात, तिथे डिओ, ब्लेड, चॉकलेट असा खिशात मावणारा माल जातो.

आता गंमत बघा. लगीनसराईत सर्वात महाग माल सोनाराकडे असतो, पण चोरी सर्वात लवकर कळते तीही सोनारालाच. त्याच्या ट्रेमध्ये ठरावीक खाचा असतात. एक खाच रिकामी राहिली की डोळ्यांना खुपते. शिवाय रात्री दुकान बंद करताना नग मोजले जातात, वजन होतं. म्हणून तिथे चोर नुसता उचलत नाही, खऱ्याच्या जागी खोटी अंगठी ठेवून जातो. तरीही वजनात फरक पडतो आणि त्याच रात्री सीसीटीव्ही बघितला जातो.

साडीच्या दुकानात असं होत नाही. हजारो नग रोज रात्री मोजणार कोण? दिवाळीत तर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालतानाच मध्यरात्र होते. मोजणी होते महिन्यांनी, आणि तोवर कॅमेऱ्याचं फुटेज गेलेलं असतं. बहुतेक दुकानांत काही आठवड्यांनी जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं. म्हणजे चोरी ऑक्टोबरातली, हिशेब मार्चमधला आणि पुरावा कशाचाच नाही.

दुकानदारीत या तुटीला 'श्रिंकेज' म्हणतात. कागदावर जेवढा माल असायला हवा आणि प्रत्यक्षात जेवढा भरतो, त्यातला फरक. 2011 च्या 'ग्लोबल रिटेल थेफ्ट बॅरोमीटर' या पाहणीत 43 देशांमध्ये भारताचा आकडा सर्वात जास्त निघाला होता. विक्रीच्या 2.38 टक्के, तेव्हा जगाची सरासरी होती 1.45. लगेच "आपण भारतीय असेच" म्हणून स्टेटस टाकू नका. या आकड्यात गिऱ्हाइकाने उचललेला माल असतो, तसा कर्मचाऱ्याने पळवलेला, पुरवठादाराने कमी पाठवलेला आणि बिलाच्या चुकीत हरवलेलाही असतो. एंट्री करणाऱ्याने 12 च्या जागी 21 टाकले तरी नऊ नग 'चोरीला' जातात.

आणि दिवाळीत नेमक्या अशाच चुका वाढतात. हंगामापुरती घेतलेली नवी पोरं असतात, त्यांना माल कुठे ठेवतात हेही धड माहीत नसतं. ट्रक रिकामा करायची घाई, गल्ल्यावर रांग. त्यामुळे 'सीझनला चोऱ्या वाढतात' हे वाक्य अर्धंच खरं आहे. चोऱ्या वाढतात, तशी विक्रीही वाढते, चुकाही वाढतात, आणि मोजणीला बसल्यावर हे तिन्ही वेगळं काढता येत नाही.

मॉलच्या दारातल्या त्या पीं-पीं करणाऱ्या गेटचंही तेच. ही कल्पना अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातली. रॉन असाफ नावाचा सुपरमार्केटचा मॅनेजर वाइनच्या बाटल्या घेऊन पळालेल्या चोराच्या मागे धावला, चोर हाती लागला नाही, आणि त्यातून पुढे 1960 च्या दशकात सेन्सरमॅटिक ही कंपनी उभी राहिली. कपड्याला लावलेल्या टॅगमध्ये धातूची पातळ पट्टी असते. गेट 58 किलोहर्ट्झच्या लहरी सोडतं, पट्टी त्याला थरथरून उत्तर देते आणि अलार्म वाजतो. पट्टीला चोर आणि गिऱ्हाईक यातला फरक कळत नाही. सकाळपासून उभ्या असलेल्या कॅशियरने एक टॅग काढायचा विसरला की पैसे भरलेली बाई दारात चोर ठरते, चारचौघांत. आणि दिवसात पन्नास वेळा खोटा अलार्म वाजला की एक्कावन्नाव्या वेळी गार्ड मान वर करून बघतही नाही.

मग मार्चमध्ये निघालेली तूट भरतं कोण? अनेक ठिकाणी हे ओझं काउंटरवरच्या माणसावर येतं. "तुझ्या सेक्शनमधून गेलं, तू भर." महिन्याच्या पगारातून दोन हजार, तीन हजार कापले जातात. मला यात सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच वाटते, कारण कायदा असं सरसकट कापू देत नाही. 1936 च्या वेतन कायद्यापासून अट आहे, आणि नव्या वेतन संहितेतही ती आहे : नुकसान त्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. दिवाळीत एका माणसाला चार गिऱ्हाइकं सांभाळायला लावायची आणि मार्चमध्ये त्याचा हलगर्जीपणा काढायचा, हे कुठल्या हिशेबात बसतं?

खऱ्या चोराचं काय होतं ते बघू. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 303 नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम 305 लागू शकतं, तिथे सात वर्षांपर्यंत जाता येतं. पण नवीन गोष्ट अशी की, 303 खाली माल 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. आणखी एक, चोरी पूर्ण व्हायला दुकानाबाहेर पडावंच लागतं असं नाही. अप्रामाणिक हेतूने वस्तू जागची हलवली की कायद्याने चोरी झाली. अडचण एकच, आत असताना तो हेतू सिद्ध करणं अवघड. म्हणून गार्ड दारापर्यंत थांबतात.

दुकानदाराला संशयिताला पकडता येतं का? डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कुणीही पकडू शकतं, पण विनाकारण वेळ न काढता, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसत्या संशयावरून मागच्या खोलीत बसवून ठेवणं, मारहाण करणं, माफीनामा लिहून घेणं, यातलं काहीच त्याच्या अधिकारात नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर बिल दाखवा, आवाज न चढवता 112 ला फोन लावा आणि फुटेज जपून ठेवायला सांगा.

हे झालं दुकानातलं. आता जे तुमच्या-माझ्या मोबाईलवर येतं त्याबद्दल. दिवाळीच्या आसपास व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरून क्लिप फिरायला लागतात : "या बाईपासून सावध राहा." वीस सेकंदांचं धूसर फुटेज, चेहऱ्याभोवती लाल गोल. त्यात पिशवीत काहीतरी जाताना दिसतं, पण ती त्याआधी गल्ल्यावर गेली होती की नाही हे दिसत नाही. ती निर्दोष निघाली तर पहिल्यांदा क्लिप टाकणारा आणि ती पुढे ढकलणारा, दोघांवरही बदनामीचं कलम 356 येऊ शकतं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि दुकानदाराचं फुटेज काही आठवड्यांत पुसलं जात असलं, तरी तुम्ही फॉरवर्ड केलेली क्लिप पुढच्या दिवाळीलाही तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर असते.