पट्टा कोण देतं, आणि देणाऱ्याला कोण विचारतं?



"लेकीला ज्युदोच्या क्लासला घातलंय. वर्षात दोन पट्टे झाले, दर पट्ट्याला परीक्षेची फी भरली. पण हा कागद पुढं कामाला येईल का?" बचत गटाच्या बैठकीनंतर एका ताईंनी आम्हाला असं विचारलं. म्हणून आज आपण ज्युदोचा कारभार कोण चालवतं, ते समजून घेऊ.

ज्युदो मूळचा जपानचा. जिगोरो कानो या शिक्षकांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही संस्था काढली. तिथं पांढऱ्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत जायचं आणि त्यापुढं डान, म्हणजे एक ते दहा पायऱ्या. पायरी कुणाला द्यायची, ते कोडोकान ठरवणार. तिचं अध्यक्षपदही २००९ पर्यंत कानोंच्या घराण्यातच राहिलं.

केइको फुकुदा १९३५ मध्ये तिथं शिकायला गेल्या. उंची पाच फुटांहून कमी, पण हात पक्का. १९५३ मध्ये त्यांना पाचवा डान मिळाला आणि तिथंच त्या अडकल्या. बाईला पाचव्याच्या वर न्यायचं नाही, असा नियम होता. सहावा डान मिळाला १९७२ मध्ये. दहावा मिळाला २०११ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, तोही अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेकडून. त्या खेळात कमी नव्हत्या. नियम करणाऱ्यांत बाई नव्हती.

आता आपल्याकडचं बघू. आपला गट ग्रामसंघाला आणि ग्रामसंघ प्रभागसंघाला जोडलेला असतो ना, तशीच ही साखळी आहे. क्लास जिल्हा संघटनेला, जिल्हा राज्य संघटनेला, राज्य भारतीय ज्युदो महासंघाला आणि तो आंतरराष्ट्रीय महासंघाला. मधली एक कडी तुटली, तर खालच्या मुलीचं नुकसान होतं. आपल्या राष्ट्रीय महासंघाच्या कारभाराचा वादही कोर्टात गेला होता आणि २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तिथं प्रशासक नेमला.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं: महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते नुसत्या पट्ट्यावर मिळत नाही. मान्यता असलेल्या स्पर्धेत मुलीनं काय मिळवलं, ते बघतात आणि प्रमाणपत्राची सरकारी पडताळणीही होते. म्हणून फी भरण्याआधी सरांना तीन गोष्टी विचारा. क्लास कोणत्या जिल्हा संघटनेला जोडलाय? प्रमाणपत्रावर सही कुणाची असते? पैशाची पावती मिळते का? शंका वाटली तर नगरला वाडिया पार्कात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, तिथं चौकशी करा. विचारायला लाजू नका. गटातल्या दहा रुपयांचा हिशोब आपण मागतोच की!

आणखी एक. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला असायला हव्यात. अध्यक्ष, सचिव, ठराव, इतिवृत्त ही कामं आपण गटात रोज करतो. मग तालुक्याच्या नि जिल्ह्याच्या क्रीडा संघटनेत आपल्यातली कुणी का नसावी? पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.