परकी किडनी आणि आठची गोळी

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यातली बुलढाणा जिल्ह्याची गावं गेली कित्येक वर्षं किडनीच्या आजारामुळे बातम्यांत येत आहेत. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ही नावं त्यात हमखास असतात. विहिरी-बोअरचं खारट पाणी, उन्हातान्हात तहान मारून केलेली शेतमजुरी, फवारणीची औषधं, अंग दुखलं की मेडिकलमधून आणलेली गोळी, अशा अनेकांवर संशय घेतला जातो. पण अमुकच कारण, असा निकाल लागलेला नाही. निकाल लागेपर्यंत आजार थांबून राहत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस सुरू होतं आणि त्यातल्या थोड्या जणांच्या नशिबी पुढे प्रत्यारोपण येतं.

मग गावात निरोप फिरतो, ‘किडनी बदलली, सुटला बुवा एकदाचा.’ या वाक्यात दोन चुका आहेत. पहिली किरकोळ आहे: किडनी सहसा बदलत नाहीत. जुन्या दोन्ही जागेवरच राहतात आणि नवी ओटीपोटात, जांघेच्या वर बसवली जाते. दुसरी चूक मात्र जिवावर बेतणारी आहे. रुग्ण सुटलेला नसतो. ऑपरेशन काही तासांचं. त्यानंतर सकाळी आठला आणि रात्री आठला घ्यायच्या गोळ्या किडनी चालेल तोवरच्या. माझ्या मते प्रत्यारोपणाचं श्रेय वाटताना आपण शल्यविशारदाला जरा जास्त देतो आणि या गोळ्यांना फारच कमी.

इतिहासही तेच सांगतो. पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलं. ते टिकलं, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. टाके घालण्याची कला तेव्हाही होती. नव्हतं ते औषध. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली प्रयत्न झाला आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये जिवंत दात्याच्या किडनीचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. त्या काळात हाताशी होतं ते अॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड. मृत दात्याची किडनी वर्षभर टिकण्याची शक्यता तेव्हा निम्म्याच्या आसपास असे.

औषध लागतं, कारण शरीर परक्या अवयवावर हल्ला करतं. पण ते परकं ओळखतं कशावरून? जवळपास प्रत्येक पेशीच्या अंगावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांचा आराखडा सहाव्या गुणसूत्रावर असतो. अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडांचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता चारात एक, आणि आई-मुलाचा मेळ सहसा निम्मा. १९४३ मध्ये पीटर मेडावार आणि टॉमस गिब्सन यांनी ग्लासगोत भाजलेल्या एका बाईला तिच्या भावाची त्वचा लावून पाहिली. ती गळून पडली. त्याच भावाची त्वचा पुन्हा लावली, तर ती आधीपेक्षा लवकर गळाली. म्हणजे शरीराला नुसती ओळख नाही, आठवणही आहे.

या आठवणीचा आपल्या घरांशी जवळचा संबंध आहे. आपल्याकडे नवऱ्यासाठी बायको किडनी देते, हे चित्र नेहमीचं. उलट बाजूने नवरा द्यायला तयार झाला, तरी कधी कधी अडचण निघते. बायकोने त्याची मुलं पोटात वाढवलेली असतात. त्या मुलांवरची निम्मी प्रथिनं बापाची, त्यामुळे त्यांच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचा साठा तिच्या रक्तात आधीच तयार असू शकतो. अशी किडनी जोडली तर ती टेबलावरच काळीनिळी पडण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी दात्याच्या पेशी आणि घेणाऱ्याचं रक्त एकत्र करून ‘क्रॉसमॅच’ पाहतात. डायलिसिसच्या काळात वरचेवर रक्त चढवलं, तरी असेच प्रतिपिंड तयार होऊ शकतात.

क्रॉसमॅच ठीक आला तरी हल्ला टळत नाही, लांबतो एवढंच. त्यातल्या मुख्य शिपायाला टी-पेशी म्हणतात. तिला परकं प्रथिन दिसलं की तिच्या आत कॅल्शियम वाढतं, त्याने कॅल्सिन्युरिन नावाचं विकर जागं होतं, ते एका निरोप्या प्रथिनाला पेशीच्या केंद्रकात धाडतं आणि तिथून इंटरल्युकिन-२ हे रसायन बनवण्याचा हुकूम सुटतो. इंटरल्युकिन-२ म्हणजे गावात दिलेली दवंडी. ती ऐकून टी-पेशी एकीच्या हजार होतात आणि किडनीवर चालून जातात. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिनला जखडतात, म्हणून दवंडीच पिटली जात नाही. सिरोलिमस दवंडी होऊ देतं, पण ऐकणाऱ्याचे कान बंद करतं. मायकोफेनोलेटचं काम तिसरंच. दवंडी झाली, ऐकली, तरी माणसं जमायला हवीत ना? पेशीला दुप्पट व्हायचं तर नवा डीएनए लागतो. इतर बऱ्याच पेशी जुन्या डीएनएचे तुकडे पुन्हा वापरून निभावून नेतात. टी-पेशींसारख्या लिम्फोसाइटना मात्र ग्वानिन हा घटक मुळापासून बनवावा लागतो, आणि मायकोफेनोलेट तीच वाट अडवतं.

गंमत अशी की यातली मोठमोठी औषधं माती-बुरशीतून आली आहेत. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीला नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावरच्या मातीत एक बुरशी सापडली. तिच्यातल्या रसायनाचा प्रतिकारशक्ती दाबण्याचा गुण १९७२ मध्ये लक्षात आला आणि १९८३ मध्ये सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूकडून मिळालं. सिरोलिमसची माती १९६४ च्या मोहिमेत ईस्टर बेटावरून आणलेली. त्यामागे लागले ते अखंड हिंदुस्थानात जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल. मायकोफेनोलिक आम्ल तर १८९३ मध्येच इटलीच्या बार्तोलोमेओ गोसियो यांना बुरसटलेल्या मक्यावरच्या बुरशीत सापडलं होतं. शंभरेक वर्षं ते जवळजवळ पडून राहिलं आणि १९९५ मध्ये प्रत्यारोपणाचं औषध झालं. मातीत एकमेकांशी झुंजणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे अशी रसायनं असतातच.

औषध आहे, मग अडतं कुठे? मात्रेत. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी मिलिलिटरमागे साधारण ५ ते १० नॅनोग्रॅमच्या पट्ट्यात ठेवावी लागते. सुरुवातीच्या महिन्यांत जरा चढी, पुढे उतरती. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. कमी पडलं तर किडनी जाते. जास्त झालं तर हात थरथरतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग होतो, आणि विशेष म्हणजे ज्या किडनीला वाचवायचं तिलाच हे औषध इजा करतं. म्हणून ‘लेव्हल’ काढतात. ती रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. संग्रामपूरहून पहाटेची एसटी धरून निघालेला माणूस सवयीने घरूनच गोळी घेऊन निघाला, तर त्या दिवशीची लेव्हल फुकट. आकडा फुगलेला दिसतो, आणि त्यावर भरवसा ठेवून मात्रा कमी केली तर पुढचं सांगायला नको.

गोळीची रक्तातली वाट यकृत आणि आतड्यातल्या एका विकरातून जाते, आणि त्या वाटेवर गर्दी फार. टीबी आपल्याकडे अजून घरोघरचा. दाबलेल्या प्रतिकारशक्तीत तो डोकं वर काढतो. त्यावरचं रिफॅम्पिसिन हे विकर इतकं वाढवतं की टॅक्रोलिमस शरीरातून भराभर संपतं. टीबी बरा होतो आणि किडनी जाते, असं होऊ नये म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी माहीत असावी लागते. पपनस उलटं करतं, पातळी वाढवतं. रक्तदाबावरचं डिल्टियाझेमही वाढवतं, आणि खर्च वाचवायला काही डॉक्टर ते मुद्दाम जोडतात. कमी गोळ्यांत काम भागतं. जुलाब लागले तरी पातळी चढते, म्हणून ‘पोट बिघडलंय, बघू दोन दिवस’ हे इथे चालत नाही.

करोनाच्या लाटेत घराघरात गुळवेलीचा काढा उकळत होता. प्रतिकारशक्ती वाढवायची, एवढंच सगळ्यांना ठाऊक. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवलं, तो मुद्दा वेगळाच. पण ज्याच्या ओटीपोटात दुसऱ्याची किडनी आहे, त्याने प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा पिणं म्हणजे महिन्याकाठी पैसे मोजून जी दवंडी बंद ठेवली, ती स्वतःच पिटण्यासारखं आहे. ‘झाडपाल्याचंच आहे, अपाय काय?’ म्हणून प्रेमाने पेला पुढे करणारी मावशी डॉक्टरांच्या कागदावर कुठेच नसते.

गोळ्यांशिवाय किडनी टिकवता येईल का? मेडावार यांनी १९५३ मध्ये उंदरांवर परकी त्वचा औषधांशिवाय टिकवून दाखवली आणि त्यासाठी १९६० चं नोबेल मिळवलं. दात्याच्या मूळपेशी आधी देऊन शरीराला सवय लावण्याचे प्रयत्न अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी वर्षानुवर्षं केले. अमेरिकेत काही मोजके रुग्ण खरोखर गोळ्या सोडून जगत आहेत. पण हे सगळं कडक देखरेखीखाली. आपल्या मनाने गोळी सोडलेल्यांचा त्यात समावेश नाही.

आपल्या मनाने सोडणारे मात्र बरेच असतात, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. बसवलेल्या किडनीचे मज्जातंतू तोडलेले असतात, त्यामुळे हल्ला सुरू झाला तरी अनेकदा दुखत नाही. लघवी होते, माणूस शेतात जातो, फक्त कागदावरचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, १.२ वरून १.८ होतं. तेवढ्यात पकडलं, बायोप्सी केली, तर तीन दिवसांच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी बहुतेकदा हल्ला परतवता येतो. वर्षानुवर्षं हळूहळू पडलेला व्रण मात्र कशानेच पुसला जात नाही. किडनी गेली की पुन्हा डायलिसिस, पुन्हा प्रतीक्षायादी. दुसऱ्या किडनीची वेळ येते तेव्हा रक्तात पहिल्या किडनीविरुद्धचे प्रतिपिंड भरलेले असतात, आणि क्रॉसमॅच जुळणारा दाता आधीपेक्षा कितीतरी दुर्मीळ झालेला असतो.